प्रश्न क्रमांक एकेचाळीस

रायबंदरच्या चढणीवर गाडी थांबली तेव्हा
फिनेलचा वास फाटकापर्यंत आला होता.
एवढं फिनेल रोज सकाळी कुणी ओतत नाही.
आम्ही येणार हे त्यांना कालच कळलंय.

मॅनेजर आताईद हसतमुख, खिशात दोन पेनं.
मी टेबलावर नमुना-ड उलगडला :
बासष्ट प्रश्न, प्रत्येकाला तीन चौकटी –
समाधानकारक, अंशतः, नाही.
चहा नको म्हटलं. काजूगरही नकोत.

छत्तीस वर्षं वॉर्डात काढल्यावर
माणूस चादर बघत नाही, टाचा बघतो.
टाचा, माकडहाड, नखांखाली सुकलेली पेज,
पाण्याचा पेला हाताच्या अंतरावर, की नुसता नजरेच्या.
कवळी कुठल्या वाटीत
आणि वाटीवर नाव कुणाचं.

रोहिदास आमोणकरांची टाच लाल होती.
फुटली नव्हती अजून.
अंगठ्याने दाबली, तर पांढरी पडेना.
"तुमची कूस कोण बदलतं?"
खिडकीबाहेर बघत ते म्हणाले, "फेरीबोट."
भ्रम, असं लिहिणार होते मी.
तेवढ्यात ती झारखंडची मुलगी, फुलमनी,
बादली खाली ठेवून पुढे आली :
"मॅडम, घड्याळ ऑफिसात असतं.
चोडणच्या फेरीचा भोंगा मोजते मी.
आठवा झाला की यांना वळवते."
"आणि रात्री, फेरी बंद झाल्यावर?"
ती बादलीकडे बघत राहिली.

रजिस्टर मात्र काटेकोर.
बारा वाजता डावी कूस, दोनला उजवी, चारला उताणं,
सगळं एका हातचं, एका निळ्या शाईचं.
मी पान उलटलं.
उद्याची रात्रही भरलेली होती.

एकेचाळीस : घंटी वाजवल्यापासून प्रतिसादाला लागणारा वेळ.
"दोन मिनिटं. मॅक्सिमम," आताईद म्हणाले.
त्यांना आग विझवायच्या नळकांड्याची पावती आणायला पाठवलं,
चपला काढल्या
आणि रिकाम्या खाट नंबर नऊवर आडवी झाले.
घंटीची दोरी खिळ्याला गुंडाळलेली, पार वर.
पुन्हा उठून सोडवावी लागली.
(ज्यांना उठता येत नाही त्यांच्यासाठीच असते ती.)
दाबली. मनगटावर बघितलं.

दोन मिनिटं.
तीन. बाहेर पोदेराचा पों-पों, चढणीवर दमत गेलेला.
पाच. छत केवढं लांब असतं
हे छत्तीस वर्षं उभ्याने काम करून
मला ठाऊकच नव्हतं.
कुणीतरी येईल, असं मी मनात म्हटलं;
मनात, आणि अगदी खरोखरीचं.
सहा.

सातव्या मिनिटाला हात आला.
पांढरा, सुरकुतलेला, सलाईनच्या जुन्या निळ्या डागांचा.
शेजारच्या खाटेवरून, गजांच्या फटीतून.
"किदें जाय गो बाय तुका?"
मला काही बोलता येईना.
तिने आपला पेला माझ्यापर्यंत पोचवला,
अर्धं पाणी माझ्या बाहीवर.
"तीं येतलीं मागीर. तूं पी."

तहान नव्हती. प्याले.

मग लिहिलं : प्रतिसाद, सात मिनिटं.
प्रतिसाद देणाऱ्याचं पद –
इथे कंस देऊन ठेवलेत, नर्स / आया / इतर.
इतरपुढे लिहिलं : इतेल्विना लोबो, खाट आठ, वय एकोणनव्वद,
उजव्या बाजूला लकवा.
जागा पुरली नाही, समासात गेले.

आताईद पावती घेऊन दारात.
"सगळं ठीक ना मॅडम?"
मी खाटेच्या कडेला बसून चपला शोधत होते.
फुलमनीने त्या खाटेखालून ओढल्या, डावी, उजवी,
आणि घालायच्या आधी
माझी टाच हातात घेऊन अंगठ्याने दाबली,
मी मघाशी दाबली होती तशीच,
आणि पांढरी पडते का
बघत राहिली.